गुरुवार, एक जानेवारी

वर्कस्टेशन फेरीबोटीतून आणलं, गोणपाटात गुंडाळून,
दोघांच्या मध्ये, आजारी माणसाला धरून बसवतात तसं.
दिवाडीच्या धक्क्यावर रिक्षावाल्याने विचारलं, टीव्ही काय?
म्हटलं, हो, टीव्हीच.

कोमुनिदादीच्या खोलीत एक टेबल, त्याचे तीन पाय धड.
टेबलावर सर्व्हर, सर्व्हरला निळी तार,
तारेच्या टोकाला तळहाताएवढा बोर्ड.
उद्यापासून हा मानशीच्या दाराशी बसून
पाणी किती चढलं ते मोजणार.
आज कोरा आहे. डिस्क नाही, घड्याळाला बॅटरी नाही,
पोटात एवढंच शिकवून पाठवलेलं
की जाग आल्या आल्या ओरडायचं:
मी कोण? माझा पत्ता काय? मला वाढणारं कोणी आहे का?

तो ओरडत राहिला.
सर्व्हर ऐकत होता, आणि गप्प होता.

नऊ वाजले. दहा.
मी फाइलींची नावं तपासली, परवानग्या तपासल्या,
फायरवॉल पाडली, पुन्हा उभारली,
तार बदलली, परत तीच लावली,
वेर्ण्याला गुणाजीला झोपेतून उठवून त्याच्या शिव्या खाल्ल्या.
पडद्यावर तीच ओळ, पुन्हा पुन्हा:
ह्याला ओळखत नाही.

आवेलिन ओहोटीची वाट बघत दारात बसली होती.
मानशीची यंदाची पावणी तिच्या नावावर.
मांडीवर जाळं, तोंडात सुतळीचं टोक.
तासाभराने म्हणाली,
ते आरडटा, आनी तूं ताका नांव विचारिना?

नाव होतं. बारा अक्षरांचं, पाठीवरच्या चिठ्ठीवर,
खाऱ्या हवेने अर्धी सोललेली चिठ्ठी.
तेच तर मी यादीत लिहिलं होतं, बघून बघून.
तिने बोर्ड दिव्याखाली तिरका धरला,
मासळीचा कल्ला उघडून बघतात तसा.
हो आठ न्हय रे, म्हणाली. बी तो.
बाप्तिझ्माचो बी.

एक अक्षर खोडलं. एक लिहिलं.

मग सर्व्हर बोलला:
तुझा पत्ता हा. तुझं जेवण अमुक फाइलीत.
आणि कर्नल यायला लागला, तुकड्या-तुकड्याने,
प्रत्येक तुकड्यामागे पलीकडून एकच शब्द, पोचलं,
तो आल्याशिवाय पुढचा तुकडा निघत नाही.
पडद्यावर ठिपके. ठिपके. ठिपके.
आवेलिनने ते काही वेळ मोजले, मग सोडून दिले.
बाहेर काळोखात मानशीचं लाकडी दार
पाण्याच्या भाराने उघडत होतं, कर्रर्र करत.
त्याला कोणी काही पाठवलं नव्हतं.

पावणेबाराला बोर्ड उठला,
आपली मेमरी मोजली, बंदरं मोजली,
सर्व्हरवरची फाइल सिस्टिम आपलीच समजून अंगावर घेतली,
आणि सांगितलं की आज
गुरुवार, एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.

मी हसलो. तिला समजावलं,
ह्यांना घड्याळ नसतं, मावशी,
वेळ सांगेपर्यंत सगळे ह्याच दिवशी जागे होतात.
आता सर्व्हरकडून तारीख घेईल, की झालं.

तिने सुतळी तोंडातून काढली.
सत्तर? म्हणाली.
सत्तराक बांद आशिल्लो. शितां आशिल्लीं, त्या कोनशापासून त्या झाडामेरेन.
पाय बाबा रातीं अशेच वतालो, ह्याच खोलयेंत दिवो दवरून.
मग पुढचं काही बोलली नाही.

माझं बोट एंटरवर होतं.
आज्ञा लिहून झाली होती, अडीच सेकंदांचं काम.
मी म्हटलं, जरा थंड होऊ दे त्याला.
थंड व्हायला काहीच नव्हतं.
ती उठली, टोपली घेतली, पाणी उतरलंय म्हणाली,
आणि बांधाच्या बाजूला गेली.

तिची बॅटरी दिसेनाशी होईपर्यंत
बोर्ड सेकंद मोजत राहिला, त्याच्या त्या गुरुवारात.